दुसरा अर्ज

गयाक्का, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं मला कुणी विचारलं, तर आई-वडिलांच्या आधी माझ्या तोंडात तुझं नाव येतं. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. ती स्वतःच लोकांना सांगते, "जन्म म्या दिला, पन बारावीपस्तोर नेलं गयाबाईनं." दसरा झाला की आई-वडील टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. जी पोरं टोळीबरोबर गेली त्यांची शाळा तिकडंच फडात संपली. मला तू जाऊ दिलं नाहीस. तुझी पिठाची गिरणी, गिरणीमागची तुझी एकच खोली आणि त्या खोलीत भिंतीकडेला माझं अंथरूण. आठ वर्षं, दर वर्षी सहा महिने. आणि तू आमच्या भावकीतली सुद्धा नव्हतीस.

काल तुझा दहावा झाला. नदीच्या कोरड्या पात्रात मांडव घातला होता. माइक होता, प्रवचनकार होते, आणि प्रवचन संपायच्या आत मच्छिंद्रशेठच्या दोन पांढऱ्या गाड्या येऊन थांबल्या. प्रवचनकारांनी अभंग मधेच आवरता घेतला. शेठनी चप्पल काढली, तुझ्या फोटोला हार घातला, खिशातून रुमाल काढला आणि माइक हातात घेतला. "गयाक्का मला आईच्या जागी होती," ते म्हणाले. "गाव बिनविरोध व्हावं म्हणून तिनं मोठं मन केलं आणि आपला अर्ज मागं घेतला. एवढं मोठं मन आजकाल कुणाचं असतं?" मग त्यांनी जाहीर केलं, गावाच्या वेशीवर तुझ्या नावाची कमान बांधायची, सगळा खर्च ते स्वतः करणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

तेवढ्यात पिंडाला कावळा शिवला. एरवी आपल्याकडे कावळ्यासाठी तास तास थांबावं लागतं, नातेवाईक हात जोडून कबुल्या देतात. तुझ्या पिंडावर तो आला आणि लगेच टोच मारून गेला. शेठ हात जोडून म्हणाले, "बघा, अक्काची काही इच्छा मागं राहिली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. गयाक्का, मला त्या कावळ्याचाही संशय आला.

तुझी एक इच्छा मागं राहिली होती. ती मला माहीत होती, शेठना माहीत होती, आणि मांडवातल्या निम्म्या लोकांना तरी माहीत होती. मग माझ्या हातात माइक दिला, शिकलेला म्हणून. मी दोन वाक्यं बोललो. तू कष्टाळू होतीस आणि मला तू शिकवलंस. दोन्ही खरी होती. जे बोलायला पाहिजे होतं ते आता इथं लिहितो आहे.

तुझ्या गिरणीची रांग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. माणसं रांगेत उभी नसायची, डबे असायचे. बायका दळणाचा डबा रांगेत ठेवून रानात निघून जायच्या. परतताना पीठ तयार. कुणाचा डबा कुणाच्या मागे, हे तुला पाठ असायचं, आणि तो क्रम तू कुणासाठी मोडला नाहीस. एकदा शेठचा ड्रायव्हर गव्हाचा मोठा डबा घेऊन आला आणि थेट पुढे ठेवला.

"मावशी, शेठच्या घरचं हाय."

"मंग मागं ठेव."

"आगं, सायबाकडं पाव्हनं यायच्यात."

"ह्या ठकूबाईकडं रोजच भूक येती. तिचा डबा म्होरं हाय."

"शेठ काय म्हनतील?"

"शेठला म्हनावं, गिरनीला डबं दिसत्यात, नावं दिसत न्हाईत."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. महिन्याभरात शेठच्या घरी घरघंटी आली. विजेवर चालणारी, कपाटाएवढी. गावातली पहिली. बायका ती बघायला गेल्या, तू गेली नाहीस. तू मला एवढंच म्हणालीस, "बबन्या, हा मानूस आता रांगतनं गेला. आता ह्याला कळायचं न्हाई कोन कोनाच्या मागं उभं हाय ते." मी तेव्हा नववीत होतो. मला वाटलं, गिऱ्हाईक तुटलं म्हणून तू चिडली आहेस.

तुझा श्रीमंतीवरचा संशय मला फार वर्षं असाच वाटत राहिला. गिरणीवाल्या बाईचा हेका, अडाणी माणसाचा राग. कॉलेजात गेल्यावर तर मला तुझी लाज वाटायची, हे आज कबूल करतो. सुट्टीत आलो की आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, "अक्का, पैसा वाईट नसतो. शेठनी गावाला रस्ता दिला. बोअर दिला."

"बोरची चावी कुनाकडं हाय?"

"त्यांच्या माणसाकडं. मोटार जळू नये म्हणून."

"व्हय का? आन नदीतली वाळू कुनी नेली?"

शेठचं सगळं वाळूपासून सुरू झालं, हे आपल्या गावात शाळकरी पोरालाही माहीत आहे. आधी एक ट्रॅक्टर, मग डंपर, मग रस्त्यांची कामं, मग पेट्रोल पंप आणि शेवटी शिक्षण संस्था. वाळू गेली तशा नदीकाठच्या विहिरी आटल्या. विहिरी आटल्यावर गावाला बोअर मिळाला, त्यावर शेठच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी. "आपलंच पानी," तू म्हणायचीस, "आन आपनच नारळ फोडून घ्यायचं." आज मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो, पुस्तकात त्याबद्दल पुष्कळ छापलेलं असतं, पण इतक्या थोडक्यात मला ते अजून सांगता येत नाही.

तुझा संशय दर वेळी बरोबर होता असं मात्र मी म्हणणार नाही. मोतीबिंदूचं मोफत शिबिर आलं तेव्हा बॅनरवर शेठचा फोटो बघून तू परत फिरलीस. "डोळा त्यानं दिला तर त्याच्याच नजरंनं बघावं लागंल," म्हणालीस. लोक हसले, तूही हसलीस, आणि तुझा डावा डोळा गेला. ठकूबाई त्याच शिबिरात जाऊन आली आणि आता सुईत दोरा ओवते. तिला कुणी काही मागितलं नाही. निदान अजून तरी नाही. हे वाक्य लिहिताना लक्षात आलं की मी तुझ्यासारखा बोलायला लागलो आहे.

शनिशिंगणापूरचंही तसंच. निवडणुकीच्या आदल्या वर्षी शेठनी गावातल्या बायकांसाठी बस काढली, दर्शन, जेवण आणि वर एकेक पिशवी. झाडून साऱ्या बायका गेल्या. तू पुढच्या शनिवारी एकटी एसटीनं गेलीस, दोनदा गाडी बदलून. मी फोनवर चिडलो, एवढ्या उन्हात कशाला? तू म्हणालीस, "देवाम्होरं मला जे बोलायचंय ते दुसऱ्याच्या गाडीतनं जाऊन कसं बोलू?" काय बोललीस ते मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

मला नोकरी लागली त्या दिवसाचं तुला आठवत असेल. शेठच्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात, विनाअनुदानित जागेवर, नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नव्यानं. लोक अशा जागेसाठी जमीन विकतात. माझ्याकडून शेठनी काहीच घेतलं नाही. "आपल्या गावचं पोरगं आहे, टोळीतून वर आलंय," म्हणाले. मी पेढे घेऊन तुझ्याकडं आलो. तू पेढा हातात धरून ठेवलास.

"काय घेतलं त्यानं तुझ्याकडनं?"

"काही नाही, अक्का. शपथ."

"काय बी न्हाई?"

"एक रुपया नाही."

"मंग अजून घ्यायचं ऱ्हायलंय," असं म्हणून तू पेढा तोंडात टाकलास आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. हात पिठाचा होता. नव्या शर्टावर पाच बोटं उमटली. मी वैतागून शर्ट झटकला. माझ्या आनंदात मिठाचा खडा टाकलास असं मला वाटलं होतं.

आता त्या अर्जाची गोष्ट.

आपल्या गावात सरपंचपद देवापुढं ठरतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो चकित होतो, पण आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. निवडणूक लागली की देवळाच्या सभामंडपात गाव जमतं. ज्याला सरपंच व्हायचं तो नारळावर हात ठेवून देवळाला काय देणार ते बोलतो. ज्याची बोली मोठी, त्याचा एकट्याचा अर्ज भरायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं. भांडण होत नाही, पोलीस येत नाहीत, देऊळ उभं राहतं. तालुक्याचे पुढारी अशा गावाचा सत्कार करतात. लहानपणी मलाही याचा अभिमान होता.

या वेळी सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. शेठनी आपल्या सुनेसाठी बोली लावली. कळसासकट सगळा नवा सभामंडप. दुसरं कुणी तोंडच उघडलं नाही. पुजाऱ्यानं नारळ फोडायला हात उचलला आणि पायरीशी बायकांत बसलेली तू उभी राहिलीस. मी खांबाला टेकून हे मोबाईलवर टिपत होतो, त्यामुळे तुझा एकेक शब्द माझ्याकडे आहे.

"शेठ, देऊळ कुनाचं?"

"गावाचं, अक्का. माझं कसं असंल?"

"मंग सरपंच कुनाचा?"

"त्यो बी गावाचाच की."

"मंग गावाला इचारा ना. देवाला का इचारताय? देव काय म्हननार, मला मंडप नगं?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अक्का, बस खाली. तुला काय व्हायचंय का सरपंच?" मोठा हशा झाला. शेठही हसले. तू बसली नाहीस. निघून गेलीस. दोन दिवसांनी तू एकटी जीपनं पाथर्डीला गेलीस, तहसीलमध्ये विचारत विचारत फिरलीस, आणि सरपंचपदाचा अर्ज भरून आलीस. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत तुझ्या नावानं विनोद सुरू झाले. "गिरणी हेच चिन्ह घ्या, म्हणजे गावाचं पीठ पडंल." हसणारी चित्रं टाकणाऱ्यांत मी नव्हतो. पण थांबा असंही मी लिहिलं नाही.

मी फोन केला तेव्हा तू मला जे सांगितलंस ते मी वर्गात कधी सांगू शकेन की नाही, ठाऊक नाही. "मला निवडून न्हाई यायचं रं. मला मत टाकायचंय. पंधरा वर्सं झाली, गावात मत टाकाया मिळालं न्हाई. दिल्लीचं टाकलं, मुंबईचं टाकलं, आपल्या गावाचं न्हाई. परत्येक डावाला बिनइरोध. दुसरा अर्ज असल्याबिगर मत पडत न्हाई म्हनं. मंग दुसरा मीच भरला. आता पडू दे मत. मला एक बी नाय पडलं तरी चालंल. माझं मी शेठच्या सुनंला टाकीन. पोरगी चांगली हाय ती."

म्हणजे तुला एवढंच पाहिजे होतं. रांगेत उभं राहून एकदा मत टाकायचं, आणि त्यासाठी तुला उमेदवार व्हावं लागलं.

पुढच्या आठ दिवसांत तुझी गिरणी ओस पडली. कुणी धमकी दिली नाही, कुणी वीज तोडली नाही. शेठनी महिला बचत गटाला एक नवी गिरणी भेट दिली, शाळेसमोरच्या गाळ्यात, आणि निवडणुकीपर्यंत दळण फुकट. एवढंच. पहिल्या दिवशी तुझ्याकडे चार डबे होते. चौथ्या दिवशी एक, ठकूबाईचा. सहाव्या दिवशी तिचाही नव्हता. तुझ्या गिरणीवरून जाताना बायका डबा पदराखाली झाकायच्या, हे मला आईनं सांगितलं. आईही फुकटच्या गिरणीत जात होती. तिनं तेही सांगितलं.

त्यानंतर शेठनी मला चहाला बोलावलं. तिथं काय बोलणं झालं ते मी तुला एक सांगितलं आणि नंतर दुसरं लिहून कळवलं. दुसरं ते खरं.

चहा पिऊन मी सरळ तुझ्याकडं आलो. दुपारची वीज गेलेली होती. तू गिरणीचा दगड उघडून त्याला टाकीचे घाव घालत बसली होतीस. दळण नसताना दगडाला धार कशासाठी, हे मला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

"दळान आनलं का?" तू मान वर न करता म्हणालीस.

"नाही. सहज आलो."

"सहज? तोंडाला विलायचीचा वास येतोय. एवढी विलायची गावात एकाच घरी पडती च्यात."

मी हसण्यावारी नेलं. मग मी तुला समजावू लागलो. वर्गात समजावतो तसं, मुद्देसूद. गावात दुफळी पडेल. तुझं वय झालं. सभामंडप झाला तर गावाचंच भलं. तू टाकीचे घाव घालत राहिलीस. माझा एकेक मुद्दा त्या ठक् ठक् आवाजात विरत गेला. तेव्हा मी शेवटचं बोललो, "अक्का, तुझा अर्ज राहिला तर माझी नोकरी जाईल. शेठनी स्पष्ट सांगितलंय. जूनमध्ये ऑर्डर देणार नाहीत."

टाकी थांबली. तू तुझ्या चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलंस.

"असं म्हनला त्यो?"

"हो."

"त्याच्या तोंडानं?"

"हो, अक्का."

"मंग उद्या जाऊ तालुक्याला," एवढंच म्हणालीस आणि हातातली टाकी कोनाड्यात ठेवलीस.

सकाळी मी तुझ्याबरोबर जीपमध्ये होतो. तहसीलच्या खिडकीत तू सही केलीस. ती सही मीच तुला शिकवली होती, सातवीत असताना, पाटीवर. साहेबांनी शिक्का मारला. बाहेर पायरीवर येऊन तू विचारलंस, "आता मत कोन्च्या दिशी?"

"आता मत नाही, अक्का. एकच अर्ज राहिला. बिनविरोध झालं."

"व्हय," तू म्हणालीस. "मीच काढला न्हाई का."

त्या दिवशी गावात जेसीबीच्या तोंडातून गुलाल उधळला. डीजे तुझ्या गिरणीसमोर मुद्दाम थांबवला होता की वाट अरुंद म्हणून थांबला, कोण जाणे. शेठनी तुला मानाची पैठणी पाठवली. ती तू गिरणीच्या मोटारीवर झाकण म्हणून घातलीस. पाहणारे म्हणाले, म्हातारीला किंमत कळत नाही. मला वाटतं, त्या आठवड्यात गावात किंमत कळलेली तू एकटीच होतीस.

निवडणूक संपली तसं नव्या गिरणीतलं फुकट दळणही संपलं. डबे हळूहळू तुझ्याकडं परत आले. तू कुणाला एका शब्दानं बोलली नाहीस, पहिल्यासारखं रांगेनं दळत राहिलीस. जूनमध्ये मला ऑर्डर मिळाली. त्याच आठवड्यात मी तुला पत्र लिहिलं. फोन रोज करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझं खरं बाहेर येत नाही. पत्र सुनीतानं, तुझ्या भाचसुनेनं, तुला वाचून दाखवलं. ती सांगते, तू दोनदा वाचायला लावलंस. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तू म्हणालीस, "त्याला म्हनावं, ये." रागानं म्हणालीस का, हे मी सुनीताला तीन वेळा विचारलं. तिला सांगता येत नाही.

मी आलो नाही. त्या रविवारी संस्थेत नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, पुढारी येणार होते, सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. पुढच्या रविवारी येतो असा निरोप मी दिला. बुधवारी तुला ताप आला आणि शनिवारी सुनीताचा फोन आला. तू काय बोलणार होतीस? शिवी देणार होतीस की भाकरी वाढणार होतीस? बहुतेक दोन्ही. आता आपलं ते भांडण माझ्या एकट्याकडे राहिलं आहे.

हे छापून आलं तर माझ्या ऑर्डरचं काय होईल, मला माहीत नाही. शेठ कदाचित काहीच बोलणार नाहीत, उलट पाठीवर हात ठेवतील. कमानीचं काम सोमवारी सुरू होतंय. वेशीवर खडीचा डंपर येऊन पडला आहे. कमानीवर मजकूर काय असावा ते शेठनी मलाच लिहून द्यायला सांगितलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला शिकतो आहे, अक्का. तू असतीस तर लवकर शिकलो असतो.

माझ्या पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती. तुझी खोली आवरताना ते सुनीताला सापडलं आणि काल तिनं ते मला परत दिलं. ते असं आहे:

"ती. गयाक्का,

सा. नमस्कार.

एक गोष्ट तोंडानं सांगता येत नाही म्हणून लिहितो. सुनीतावहिनी वाचून दाखवतील. त्यांच्यापुढं माझी लाज जाईल, जाऊ दे.

शेठ मला काहीच बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी चहा दिला, आईची चौकशी केली, कॉलेज कसं चाललंय विचारलं. निघताना एवढंच म्हणाले, 'अक्काला भेटत जा रे. एकटी आहे बिचारी.' नोकरीचं नाव त्यांनी काढलं नाही. ऑर्डरचंही नाही. ते सगळं मी केलं. त्यांच्या बंगल्यापासून तुझ्या गिरणीपर्यंत चालत येताना मीच ते मनात जुळवलं आणि तुझ्यापुढं आलो तोवर मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

तू विचारलंस, त्याच्या तोंडानं म्हणाला का? मी हो म्हटलं. तिथं मी खोटं बोललो. तुला अर्ज काढायला लावला तो शेठनी नाही, मी. त्यांना मला सांगायची गरजच पडली नाही, याची मला जास्त भीती वाटते. तू म्हणाली होतीस, त्यानं काही घेतलं नाही म्हणजे अजून घ्यायचं राहिलं आहे. घेऊन झालं, अक्का. मला कळलंसुद्धा नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मग मी मोकळा होईन. ते नको.

मी मतदार यादी बघितली. माझं नाव अजून आपल्याच वॉर्डात आहे. पुढच्या निवडणुकीला सरपंचपद कुणासाठीही राखीव असो, सरपंचाचा नाही तर वॉर्डाचा, पण दुसरा अर्ज माझा असेल. नारळ फुटला तरी असेल. नोकरी राहिली नाही तरी असेल. कुणी समजवायला आलं, तू आलीस तरी, मी तो काढणार नाही.

मी निवडून येईन असं मला वाटत नाही. पण दोन नावं असतील म्हणजे मतदान होईल. शाळेत खोली उघडेल, रांग लागेल. तू तेवढी मत टाकायला ये. मला टाकावंसं वाटलं नाही तर शेठच्या माणसाला टाक. पण ये.

तुझा,
बबन"